पावसाळ्यात केलेली कागदी सजावट वाकते, सुटते, ढिली पडते: दोष कुठं शोधायचा?

गौरी-गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस घरोघरी त्याच तक्रारी असतात. रात्री सरळ उभी केलेली कमान सकाळी पुढं झुकलेली दिसते. चुण्यांचे पंखे मधूनच उघडतात, मखराचा पुठ्ठा खालून मऊ पडतो. हौसेनं केलेल्या पेटीचं झाकण जूनमध्ये नीट बसत असतं, ऑगस्टमध्ये बसता बसत नाही. अशा वेळी पहिला संशय गोंदावर जातो. महागाची ट्यूब येते, मग गरम गोंदाची गन येते, आणि तरी पुढच्या वर्षी तेच होतं. बहुतेक वेळा गोंदाचा दोष नसतोच. कागदात पाणी शिरतं आणि निघून जातं, त्याबरोबर कागद वाढतो आणि आक्रसतो, सगळा गोंधळ तिथं असतो. पापड सादळतो तसा कागदही सादळतो. फरक एवढाच की कागद सादळला तर सगळ्या बाजूंनी सारखा वाढत नाही.

म्हणून काही नवीन विकत आणण्याआधी दोन गोष्टी बघा: वस्तू कधी बिघडली, आणि कोणत्या बाजूला वाकली.

चिकटवल्यावर तासाभरात सुटली असेल तर गोंद जास्त झाला, दाब कमी वेळ दिला किंवा घडीचा ताण गोंदापेक्षा जास्त निघाला. रात्रभरात बिघडली असेल तर हवेतला दमटपणा, भिंत किंवा फरशीचं पाणी बघा. पावसात नीट होती आणि दिवाळीनंतर, थंडी-उन्हाळ्यात वाकली किंवा सांध्यात फट पडली, तर ती सादळलेल्या कागदाची केलेली होती. कोरड्या हवेत कागद आक्रसला. सातारा-सांगलीकडं पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात पहिले दोन प्रकार जास्त दिसतात. जत, आटपाडी, माण, खटावकडं हवा मुळातच कोरडी, तिथं तिसरा. साताऱ्याच्या मोती चौकातून किंवा सांगलीच्या हरभट रोडवरून कार्डशीट आणून ती जतला लटकवायची असेल, तर कागद आधी एक दिवस त्याच खोलीत सुटा पसरून ठेवा आणि मग कापा. प्लास्टिकच्या गुंडाळीतून काढून लगेच कापलेला कागद मापात कापला तरी मापात राहत नाही.

आधी ग्रेन ओळखा

कागद लाकडाच्या किंवा उसाच्या चोयट्याच्या तंतूंचा बनतो. कारखान्यात तो तयार होताना बरेचसे तंतू यंत्राच्या दिशेला समांतर पडतात. या दिशेला छपाईवाले ‘ग्रेन’ म्हणतात. ओल लागली की तंतू जाडीला फुगतो, लांबीला जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळं कागद ग्रेनच्या आडव्या बाजूला वाढतो, ग्रेनच्या दिशेनं फारसा नाही. सजावट वाकते ती या एका कारणानं, आणि शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

ओळखायच्या पद्धती तीन. पहिली, कागद घडी न घालता हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. ज्या दिशेला तो मुकाट्यानं वाकतो, त्या वाकाच्या रेघेला समांतर ग्रेन असतो. दुसरी, कोपऱ्यातून फाडा: ग्रेनच्या दिशेनं फाड सरळ जाते, आडवी फाडली तर वाकडीतिकडी पळते. तिसरी सगळ्यांत खात्रीची. त्याच कागदाचा 5 सेंमी चौरस तुकडा कापा, मूळ कागदावर आणि तुकड्यावर एकाच दिशेचा बाण पेन्सिलनं काढा. तुकड्याच्या एकाच बाजूवरून ओलं बोट फिरवा आणि तळहातावर ठेवून बघत राहा. दोन क्षण काहीच होत नाही. मग समोरासमोरच्या दोन कडा उचलतात आणि ओली बाजू बाहेर ठेवून तुकडा पन्हळीसारखा वळतो. त्या पन्हळीची लांबी ज्या दिशेला, तोच ग्रेन. पतंगी कागदापासून 300 जीएसएमच्या (एका चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाच्या) कार्डापर्यंत ही परीक्षा चालते, जाड कार्डाला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो एवढंच.

आता नियम: घडी नेहमी ग्रेनला समांतर घाला. आडवी घातली तर जाड कार्डावर घडीची रेघ तडकते, पांढरे तंतू दिसतात, आणि घडी उघडू पाहते. नाइलाजानं आडवी घालावी लागलीच तर संपलेल्या रिफिलीनं पट्टीच्या आधारानं दोनदा रेघ दाबून घ्या आणि रेघ बाहेरच्या अंगाला येईल अशी दुमडा. कटरनं अर्धवट चिरून दुमडायची सवय मात्र सोडा. दमट हवेत अशी चिरलेली घडी आधी मान टाकते.

पुठ्ठ्यावर रंगीत कागद लावला आणि पुठ्ठा वाकला

बारशाच्या नावाची पाटी, वाढदिवसाचे आकडे, रुखवतातली चौकट, सगळ्यांना हा त्रास होतो. चिकटवताना रंगीत कागद गोंदातलं पाणी पिऊन वाढतो आणि वाढलेल्या मापातच पुठ्ठ्याला बसतो. वाळताना तो आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडं ओढतो. म्हणून वाळल्यावर पुठ्ठा रंगीत बाजूकडं आत वळतो. ओला असताना हाच पुठ्ठा उलट्या बाजूला वाकलेला दिसतो. तेव्हा घाईनं तो दुसरीकडं वाकवायला जाऊ नका. पूर्ण वाळेपर्यंत दोष कुठला ते कळत नाही, आणि पावसात पूर्ण वाळायला 24 तास धरा.

उपाय पुस्तक बांधणाऱ्यांचाच आहे: मागूनही अस्तर लावा. अस्तराचा कागद पुढच्याच जाडीचा, त्याच्या ग्रेनची दिशा तीच, गोंदही तोच आणि तेवढाच. दोन्ही बाजू सारख्या ओढू लागल्या की पुठ्ठा सरळ राहतो. पुढं 120 जीएसएमचा रंगीत कागद आणि मागं वर्तमानपत्र लावलं तर पुठ्ठा वाकणारच, कारण वर्तमानपत्राची ओढ कमी पडते. महागाचा कागद मागं वाया घालवायचा नसेल तर त्याच जाडीचा साधा पांढरा किंवा खाकी कागद चालतो.

आधीच वाकलेल्या पाटीलाही हाच इलाज. मागं अस्तर लावा, मध्ये कोरा कागद घाला (वर्तमानपत्र घातलं तर शाई उमटते), वर सपाट लाकडी पाट आणि त्यावर तांदळाचा डबा. रात्रभर नव्हे, पूर्ण दिवस. चार-पाच तासांनी मधला कागद बदला, तो ओलावा ओढून घेतो आणि तसाच ठेवला तर ओलावा तिथंच राहतो.

फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून लावायची पद्धत इथं नडते. जेवढं पाणी जास्त, तेवढा कागद जास्त वाढणार. अगदी पसरेना झालाच तर चार चमचे गोंदाला एक चमचा पाणी, त्यापुढं नको. बोटानं थापू नका. जुन्या लग्नपत्रिकेची पट्टी कापून तिनं मधून कडेकडं ओढत न्या, इतका पातळ की खालचा पुठ्ठा अंधूक दिसत राहावा. कागद एका कडेनं टेकवत, पाठोपाठ कोरड्या फडक्यानं हवा बाहेर काढत न्या. सगळा कागद एकदम टाकला की मध्ये पुटकुळ्या येतात. आलीच पुटकुळी, तर ओली असताना सुईनं टोचून दाबा. वाळल्यावर लक्षात आली तर बारीक चीर देऊन आत टूथपिकनं गोंद घाला. चीर ग्रेनच्या दिशेनं दिली तर मिटल्यावर फारशी दिसत नाही.

चुण्यांचे पंखे उघडतात किंवा डोक्यावर टोपीसारखे उचलतात

डोहाळजेवण, मंगळागौर, वाढदिवस, मागच्या पडद्यावर हे गोल पंखे हल्ली सगळीकडं असतात. ते बिघडायची कारणं मापात आहेत.

पंखा सपाट बसायचा तर चुण्या पाडण्याआधीच्या पट्टीची लांबी तिच्या रुंदीच्या निदान 8 पट हवी. 10 पट असेल तर उत्तम. गणित सोपं आहे. पट्टीची रुंदी ही पंख्याची त्रिज्या. बाहेरचा परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पटींहून थोडा जास्त. पट्टी तेवढीच लांब असेल तर बाहेरच्या कडेला चुणी उरतच नाही. पट्टी ताणली जाते आणि पंखा शंकूसारखा वर उचलतो. मग तो दाबून बसवायला गोंदाचा मारा होतो, आणि सकाळी उघडलेला सापडतो.

एका ए-4 कागदात 15 सेंमी व्यासाचा पंखा बरोबर बसतो, तो असा. बाजारातल्या बऱ्याच ए-4 कागदांचा ग्रेन लांब बाजूला असतो; वरच्या परीक्षेनं खात्री करून घ्या. चुण्या ग्रेनला समांतर याव्यात म्हणून पट्ट्या आडव्या कापायच्या: 29.7 सेंमीच्या बाजूचे चार भाग, प्रत्येकी 7.4 सेंमी. चार पट्ट्या, प्रत्येक 21 सेंमी लांब. प्रत्येकीवर 1.5 सेंमीवर रेघा मारल्या की 14 घरं होतात. पहिल्या पट्टीची पहिली घडी डोंगरासारखी वर आली तर शेवटची, तेरावी घडीही वरच येते. इथंच अनेकांचं अडतं: चारही पट्ट्या सारख्याच दुमडल्या तर सांध्यावर दोन डोंगर लागोपाठ येतात आणि तिथं पंखा फुगीर राहतो. दुसऱ्या आणि चौथ्या पट्टीची सुरुवात दरीच्या घडीनं करा. मग एका पट्टीचं शेवटचं घर पुढच्या पट्टीच्या पहिल्या घरावर पूर्ण चिकटवत जा. चार सांधे धरून 52 घरं आणि 78 सेंमीची लांबी उरते, म्हणजे रुंदीच्या साडेदहा पट. सांध्याला डबल टेप वापरा. ओला गोंद या अरुंद घराला लाटेसारखं वाकवतो.

बंद केलेलं कडं टेबलावर उभं ठेवून वरून तळव्यानं हळूहळू खाली दाबलं की चुण्या मध्याकडं धावतात आणि पंखा पसरतो. हा क्षण नाजूक असतो. हात सोडला की तो परत उभा राहतो, कारण प्रत्येक चुणी छोटी स्प्रिंग असते. म्हणून 4 सेंमी व्यासाच्या कार्डाच्या दोन चकत्या आधीच कापून गोंद लावून जवळ ठेवा. एक खाली, एक वर. गरम गोंद असेल तर मिनिटभर दाबून धरा, पांढरा गोंद असेल तर वर भरलेला स्टीलचा डबा ठेवून तासभर हलवू नका. गरम गोंदाचा पंखा उन्हात तापणाऱ्या गॅलरीत टांगू नका, तो गोंद उन्हानं मऊ पडतो. गॅलरीसाठी पांढरा गोंद आणि मध्यातून ओवून गाठवलेला दोरा.

पंखे भिंतीवरून पडत असतील तर आधी तळहात भिंतीवर घासा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर त्या चुन्याच्या किंवा जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवर कोणताही टेप टिकत नाही. टेप भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही. ओल आलेल्या भिंतीचंही तेच. पडद्याच्या दांडीपासून किंवा दोन खिळ्यांमधून दोरी ताणून त्यावर लटकवा. ऑइलपेंटची भिंत असेल तर कोरड्या फडक्यानं पुसून टेप अर्धा मिनिट दाबून लावा, सजावट तासाभरानं चढवा.

मखर तिसऱ्या दिवशी का झुकतं

2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि पुठ्ठ्याच्या मखरांचे दिवस पुन्हा आले. आपल्याकडं पुठ्ठ्याला तोटा नाही: तासगाव-सांगलीकडं बेदाण्याचे आणि द्राक्षांचे, वाई-पाचगणीकडं स्ट्रॉबेरीचे बॉक्स सहज मिळतात. पण थर्माकोलच्या सवयीनं पुठ्ठा कापला की मखर फसतं.

बॉक्सच्या पुठ्ठ्यात मधल्या थराच्या नळ्या असतात. नळ्या उभ्या असतील तर पुठ्ठा खांबासारखा भार घेतो. आडव्या असतील तर त्याच जागी एकावर एक चेपत जातो. कापायच्या आधी पुठ्ठ्याची कड डोळ्यासमोर धरा आणि नळ्या कुठल्या दिशेला धावतात ते बघा. खांब आणि मागची भिंत उभ्या नळ्यांची. कमानीसाठी पुठ्ठ्याचे दोन थर घ्या, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, आणि दोन्ही सपाट पाटाखाली वाळवा. अडीच-तीन फूट उंचीपर्यंत तीन प्लायचा पुठ्ठा दुहेरी केला की पुरतो; त्याहून मोठ्याला पाच प्लाय घ्या.

तरीही झुकलं तर खालची कड बघा. रोज सकाळी फरशी पुसली जाते, आणि पुठ्ठ्याची कापलेली कड म्हणजे शेकडो उघड्या नळ्यांची तोंडं; पाणी वर चढत जातं. बोटानं दाबून बघा, खालची दोन-तीन सेंमी पट्टी मऊ लागते. यावर वरून कितीही टेकू दिले तरी उपयोग नाही. मऊ झालेली पट्टी कापून टाका, मखराखाली एक इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या किंवा चार फरशीचे तुकडे द्या, नव्या कडेवर मेणबत्ती घट्ट घासून नळ्यांची तोंडं बुजवा आणि वरून टेप दुमडून लावा. हे करायचंच आहे तर उभारायच्या आधीच करावं, दहा मिनिटांचं काम आहे.

मूर्तीचा भार पुठ्ठ्यावर कधीही देऊ नका. मूर्तीखाली पाट किंवा स्टूल, पुठ्ठा फक्त आजूबाजूला. दूर्वा, पत्री, ओले हार यांच्यासाठी ताट ठेवा. ओला हार कमानीला टेकला की एका रात्रीत तिथं डाग आणि वाक दोन्ही येतात.

सांगलीच्या गणपती मंदिरात भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला बसणाऱ्या चोर गणपतीची मूर्ती कागदाच्या लगद्याची आहे आणि तिचं विसर्जन होत नाही. भाद्रपदात कागद टिकत नाही ही समजूत तिथंच खोटी ठरते, पाणी लागू दिलं नाही म्हणजे झालं.

समई आणि निरांजन यांच्या वर कागदी काहीही लोंबतं ठेवायचं नाही, आणि बाजूनं दोन फूट जागा मोकळी. पंखा सुरू केला की झिरमिळ्या कुठवर येतात ते दिवा लावण्याआधी बघून घ्या. यात तडजोड करू नका.

आकाशकंदिलाचा कागद ढिला पडला

इथं आधी दुपारी बारा-एक वाजता कंदील बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री दव पडतं, पतंगी कागद सादळून ढिला होतो आणि उन्हं वर आली की परत ताठ होतो. दुपारी ताठ असेल तर कंदिलात काहीही बिघडलेलं नाही, हात लावू नका. दुपारीही सुरकुत्या असतील तर चिकटवण्याची चूक आहे.

बहुधा खळ, म्हणजे शिजवलेल्या मैद्याची चिकट पेज, कागदाला लावलेली असते. पतंगी कागद इतका पातळ की खळ लागताच तो वाढतो, हातात लोंबतो आणि मग आपण अंदाजानं ओढतो. खळ कामटीलाच लावा, कागद कोरडा राहू द्या. कागद चौकटीपेक्षा सगळीकडून 1 सेंमी मोठा कापा, आधी प्रत्येक बाजूचा मध्य चिकटवा, मग मध्यापासून कोपऱ्यांकडं हलक्या हातानं ओढत जा. कोपऱ्यापासून सुरुवात केली की तिरकी सुरकुती ठरलेली. आडव्या-उभ्या कामट्यांच्या सुतळीच्या गाठी सैल असतील तर कागद कितीही नीट लावा, वाळताना तो चौकटच पिळतो. म्हणून गाठी आधी तपासा, त्यांना खळीचं बोट लावून वाळू द्या.

वाळल्यावर थोड्या सुरकुत्या उरल्या तर फवाऱ्यानं अगदी बारीक तुषार मारून सावलीत वाळवलं की कागद आक्रसून ताठ होतो. पण पतंगी कागदाचा रंग पाण्यानं पळतो. त्याच कागदाच्या कपट्यावर आधी करून बघा. रंग उतरला तर कंदिलावर फवारा मारू नका, सुरकुती राहिलेली बरी.

खळीचं प्रमाण: दोन मोठे चमचे मैदा, एक कप पाणी. मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, उरलेलं पाणी घाला, मंद आचेवर चार-पाच मिनिटं सतत ढवळा. पांढरट दुधासारखा रंग जाऊन ती काचेसारखी अर्धपारदर्शक झाली आणि चमच्यावरून जाड ओघळली की उतरवा. कच्ची राहिलेली खळ वाळल्यावर भुकटी होऊन सुटते. ‘खळ धरत नाही’ या तक्रारीमागं बहुतेकदा हेच असतं. गार करून गाळून घ्या. पावसात बाहेर एकच दिवस, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. आंबट वास आला की टाकून द्या.

आत 5 ते 7 वॅटचा एलईडी दिवा, कागदापासून चारही बाजूंनी निदान 10 सेंमी लांब, आणि कंदिलाचं वरचं तोंड उघडं. जुना पिवळा बल्ब लावला तर कागद आधी करपट, ठिसूळ होतो; हात लावला की तुकडा पडतो. तो इशारा समजा.

रंगाचं अजून एक: क्रेप पेपरच्या फुलांचा रंग नुसत्या घामानंही उतरतो. गौरीच्या साडीला किंवा पांढऱ्या भिंतीला अशी फुलं थेट टेकवू नका, मागं प्लास्टिकचा किंवा बटर पेपरचा तुकडा घाला. गडद लाल, राणी आणि जांभळा रंग सगळ्यांत आधी सुटतो, असाच अनुभव येतो.

घरातल्या पेट्या आणि खण

कंदी पेढ्यांचे, मिठाईचे, बुटांचे बॉक्स कागद लावून ड्रॉवरमध्ये बसवले की औषधांच्या पट्ट्या, बांगड्या, वीजबिलं सगळं जागेवर राहतं. त्रास दोन. एक, बाजू बाहेर फुगतात. कारण वरचंच: बाहेरून कागद लावला, आतून नाही. आतूनही लावा, आणि दोन्हीकडं ग्रेन पेटीच्या उंचीला समांतर ठेवा. खण लांब असेल तर मध्ये आडवी पुठ्ठ्याची पट्टी खाच पाडून बसवा. खाच पट्टीच्या उंचीच्या बरोबर निम्मी, रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच. सैल खाच केली की पट्टी दोन दिवसांत कलंडते.

दोन, झाकण. पेटी बाहेरून 20 बाय 15 सेंमी असेल तर झाकणाचं आतलं माप 20.3 बाय 15.3 ठेवा, तेही दोन्हीवर कागद लावून झाल्यानंतरचं. कागद लावायच्या आधी माप घेतलं तर चारही बाजूंच्या कागदाच्या जाडीनं ती मोकळी जागा संपते. पावसात अडकलेलं झाकण ओढू नका, कोपरा फाटतो. पेटी दिवसभर पंख्याखाली ठेवा, मग कडेवर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि घासलेल्या जागी मेण लावा.

कपाटात ठेवायच्या पेट्यांना खळ वापरू नका. कसर आणि झुरळं मैद्यावर येतात. बांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात ते यासाठीच, पण मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकघरात किंवा लहान मुलांच्या हाताला लागणाऱ्या वस्तूत ते नको, तिथं पांढरा गोंद बरा. बुरशीचे ठिपके दिसले तर ओल्या फडक्यानं पुसू नका, ती पसरते. नाकाला रुमाल बांधून, घराबाहेर, कोरड्या ब्रशनं झटका आणि दोन-तीन तास उन्हात ठेवा. ठिपके आतल्या थरात गेलेले असतील तर पेटी टाका, तिच्यामुळं शेजारच्या कागदपत्रांना बुरशी लागते. नळ्या चेपलेला पुठ्ठाही तसाच, तो पुन्हा कधी ताठ होत नाही.

आवरून ठेवताना

अनंत चतुर्दशीनंतर सजावट उतरवून लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकली की आतला ओलावा आतच राहतो, आणि पुढच्या वर्षी बाहेर येते ती वाकलेली, वास मारणारी. दोन दिवस पंख्याखाली सुटी ठेवा, मग कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी रचा. चुण्यांचे पंखे चकत्या न चिकटवता नुसत्या दोऱ्यानं बांधलेले असतील, तर दोरे सोडून ते मिटून ठेवा, चुण्या ताज्या राहतात. पत्र्याखालचा माळा टाळा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की खोकं एकदा उघडून सावलीत वारं लागू द्या. थेट उन्हात घोटीव कागदाचा रंग विटतो. उरलेली कार्डशीट गुंडाळी करून ठेवू नका, गादीखाली किंवा कपाटामागं सपाट सरकवा, आणि प्रत्येक तुकड्याच्या मागं पेन्सिलनं ग्रेनचा बाण काढून ठेवा.